कॉलेजचा स्टार खेळाडू दारू पिऊन गाडी चालवताना सापडला तर? अमेरिकेतला कायदा सोप्या भाषेत

दुपारी साडेबाराला भाच्याचा फोन आला, म्हणजे तिथे अमेरिकेत पहाटेचे तीन. आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. "मावशी, मी ठीक आहे, पण पोलिसांनी त्याला नेलं." तो म्हणजे त्याच्याच अपार्टमेंटमधला मुलगा, वय २०, युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो, स्कॉलरशिपवर आलाय. पार्टीहून परत येताना गाडी तो चालवत होता आणि शेजारच्या सीटवर आमचा भाचा.

पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, आधी डोळ्यासमोर पेन धरलं आणि सांगितलं, डोकं हलवायचं नाही, फक्त नजरेने पेनाचं टोक बघायचं. मग सरळ रेषेत टाचेला बोटं लावत नऊ पावलं पुढे, वळायचं, नऊ पावलं मागे. भाचा फुटपाथवर उभा राहून मोजत होता, सातव्या पावलाला त्या मुलाचा पाय रेषेबाहेर पडला. मग एक पाय उचलून तीस सेकंद उभं राहायचं. मग फुंकर मारायचं मशीन, आकडा आला ०.०६.

भाच्याचा पहिला प्रश्न हाच होता की मावशी, इथे लिमिट ०.०८ आहे ना, मग त्याला का नेलं? आणि दुसरा, आता त्याचं टीममधलं काय होईल? दर वर्षी सीझन सुरू व्हायच्या सुमाराला तिकडे अशा बातम्या येतातच, अमक्या टीमचा तमका खेळाडू पकडला, कोच म्हणतो बघू, आणि मग दोन्ही बाजूंनी भांडण सुरू. एक बाजू म्हणते करिअर संपवताय पोराचं, दुसरी म्हणते स्टार आहे म्हणून सोडलं. मी गेले काही आठवडे हे सगळं नीट वाचून काढलं, म्हटलं आपल्या भाषेत लिहून टाकावं, कारण आपल्यापैकी किती जणांची मुलं तिकडे आहेत.

आधी तो आकडा समजून घेऊ

अमेरिकेत या गुन्ह्याला डीयूआय म्हणतात, काही राज्यांत डीडब्ल्यूआय किंवा ओडब्ल्यूआय, अर्थ साधारण एकच, नशेत गाडी चालवणं. आणि रक्तात दारू किती आहे त्या आकड्याला बीएसी म्हणतात. ०.०८ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोल. ऐकायला कणभर वाटतं, पण त्यांच्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याचा हिशोब असा आहे की ०.०८ ला अपघाताची शक्यता न प्यायलेल्या माणसाच्या साधारण चौपट होते आणि ०.१५ ला किमान बारापट.

आणि ही दारू उतरते कशी? एसटी स्टँडवर तिकिटाची एकच खिडकी उघडी आहे असं समजा. रांगेत दहा माणसं असोत की पन्नास, खिडकीतला माणूस त्याच्याच गतीने तिकिटं फाडणार. आपलं लिव्हर तसं आहे, तासाला साधारण ०.०१५ एवढंच उतरवतं. काळी कॉफी प्या, तोंडावर गार पाणी मारा, लिंबू चोखा, रांग पुढे सरकत नाही. रात्री एकला ०.१५ वर असलेला पोरगा सकाळी सहाला "झोप झाली, आता फ्रेश आहे" म्हणून प्रॅक्टिसला गाडी काढतो तेव्हाही तो ०.०७ च्या पुढेच असतो. खेळाडूंची प्रॅक्टिस पहाटेची असते हे लक्षात घ्या.

२१ च्या आतल्यांना वेगळा नियम का?

हेच भाच्याला माहीत नव्हतं. अमेरिकेत १८ ला मत देता येतं, सैन्यात जाता येतं, पण बिअर विकत घ्यायला २१ पूर्ण लागतात. हे १९८४ च्या कायद्याने झालं. केंद्राने राज्यांना थेट हुकूम केला नाही, फक्त सांगितलं की तुम्ही वय २१ केलं नाही तर हायवेच्या निधीतला वाटा कापू. अनुदान हवं असेल तर अट पाळा, आपल्याकडे ग्रामपंचायतीला कळतं तसं त्यांच्या राज्यांनाही कळलं आणि १९८८ पर्यंत सगळ्यांनी पाळलं. मग १९९५ ला तशीच दुसरी अट आली की २१ च्या आतला ड्रायव्हर असेल तर ०.०२ लाच कारवाई. ०.०२ म्हणजे जवळजवळ शून्यच. ०.०८ ची लिमिटही २००० साली याच वाटेने आली, आणि युटा राज्याने तर २०१८ च्या शेवटी ती ०.०५ वर आणली.

म्हणजे त्या मुलाचा ०.०६ हा आकडा २१ वर्षांच्या माणसाला बहुतेक राज्यांत लिमिटच्या खाली पडला असता (तरी चालवणं धोक्याचं दिसलं तर पोलीस केस करू शकतातच), पण तो २० चा आहे. कॉलेजचे खेळाडू १८ ते २२-२३ वयाचे, म्हणजे टीममधली बरीच मुलं ०.०२ वाल्या नियमात येतात आणि त्यातल्या अनेकांना ते धड माहीतही नसतं.

हे नियम एवढे कडक का झाले तेही सांगते. १९८० च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात कॅरी लाइटनर नावाची १३ वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालत जात होती, तिला एका दारुड्या ड्रायव्हरने उडवलं. तो माणूस आधीही याच गुन्ह्यात सापडलेला होता आणि तेव्हा जामिनावर बाहेर होता. तिच्या आईने, कँडी लाइटनर यांनी, त्याच वर्षी 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग' ही संघटना काढली. त्याआधी दारू पिऊन गाडी ठोकणं म्हणजे बिचाऱ्याचं नशीब वाईट असं मानायचे लोक, या आयांनी ते बदललं. १९८२ मध्ये तिकडे असे मृत्यू २१ हजारांच्या आसपास होते, २०२३ मध्ये १२,४२९. कमी झाले, पण अजूनही रस्त्यावरच्या दर दहा मृत्यूंमागे तीन यातलेच.

शिक्षा नेमकी कोण करतं?

इथे सगळा गोंधळ होतो, कारण आपल्याला वाटतं कोर्ट म्हणजे संपलं. तसं नाही. पहिलं कोर्ट. दुसरं लायसन्स देणारं खातं, ते कोर्टाची वाट बघत नाही, टेस्टमध्ये आकडा आला किंवा टेस्ट द्यायला नकार दिला तरी लायसन्स निलंबित करू शकतं. कारण तिथे लायसन्स घेतानाच तुम्ही टेस्टला संमती दिली असं धरतात. फुंकर मारायला लावायला वॉरंट लागत नाही, रक्त घ्यायला मात्र साधारणपणे वॉरंट लागतं, हे त्यांच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं. तिसरी युनिव्हर्सिटी, तिचं स्वतःचं विद्यार्थी शिस्तीचं ऑफिस असतं. आणि खेळाडूच्या बाबतीत चौथा माणूस, कोच.

कोर्टातली शिक्षा राज्याराज्यात बदलते. जॉर्जियात पहिल्या वेळी ३०० ते १००० डॉलर दंड, किमान ४० तास समाजसेवा, प्रोबेशन (म्हणजे देखरेखीखाली बाहेर राहणं), वर क्लास आणि तपासणी. विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडलात तर तो साधारणपणे फौजदारी गुन्हाच धरत नाहीत, ट्रॅफिकच्या दंडासारखं प्रकरण. एकच देश, एकच आकडा, आणि एका राज्यात गुन्हेगार तर दुसऱ्यात पावती. शिवाय बऱ्याच ठिकाणी वकील घासाघीस करून डीयूआयचं 'रेकलेस ड्रायव्हिंग' म्हणजे बेदरकार गाडी चालवणं यावर आणतात. चांगला वकील परवडला तर हे सोपं, नाही तर अवघड, आणि न्याय्य-अन्याय्य बोलायचं तर माझ्या मते पहिली गोम इथेच आहे.

मग कॉलेज खेळांची संघटना काय करते?

एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना. ती खेळाडूंची ड्रग टेस्ट करते, मार्क किती हवेत ते ठरवते, पण डीयूआयमध्ये सापडलं तर इतके सामने बाहेर असा सगळ्यांना लागू नियम तिच्याकडे नाही. ते युनिव्हर्सिटीवर सोडलेलं. काही युनिव्हर्सिट्यांनी लिहून ठेवलंय, काही ठिकाणी कोचच ठरवतो, आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं की हे आम्ही आतल्या आत हाताळू. घरातलं घरात मिटवू, हेच ते.

आता गल्ली क्रिकेट आठवा. ज्याची बॅट त्याची बॅटिंग. स्टंप उडाला तरी तो म्हणणार ट्रायल बॉल होता, आणि बाकीची पोरं गप्प, कारण त्याने बॅट घरी नेली तर खेळ बंद. मोठ्या फुटबॉल कोचचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या घरात जातो आणि तो मॅच जिंकण्याचा पगार आहे. बॅट स्टार खेळाडूची, आणि अंपायर कोण, तर ज्याची नोकरी त्या बॅटवर चालते तो. असा अंपायर प्रामाणिक असला तरी त्याला आपण ज्या जागी उभं केलंय ती जागाच चुकीची आहे. आणि तोच कोच बेंचवरच्या मुलाला त्याच चुकीसाठी टीमबाहेर काढून "आम्ही शिस्तीचे कडक" असंही दाखवू शकतो.

जॉर्जियात काय झालं होतं

जॉर्जिया युनिव्हर्सिटीची टीम ९ जानेवारी २०२३ ला राष्ट्रीय विजेती झाली. १४ तारखेला अथेन्स गावात मिरवणूक निघाली. त्याच रात्री, म्हणजे १५ च्या पहाटे, टीमच्या स्टाफमधली २४ वर्षांची मुलगी भाड्याच्या एसयूव्हीतून तिघांना घेऊन निघाली आणि तपासात निघालं की जेलन कार्टर या स्टार खेळाडूच्या गाडीबरोबर रेस लागलेली. वेग ताशी १०४ मैल, म्हणजे १६७ किलोमीटर. तिचा आकडा ०.१९७. ती गेली आणि मागच्या सीटवरचा डेव्हिन विलॉक गेला, वय २०, टीमचाच खेळाडू. कार्टरवर दारूचा आरोप नव्हता, रेसिंग आणि बेदरकार ड्रायव्हिंगचा होता, त्यात १२ महिने प्रोबेशन, हजार डॉलर दंड, ८० तास समाजसेवा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो नवव्या नंबरवर निवडला गेला.

त्यानंतर वर्षभराने, २०२४ च्या मार्चमध्ये, त्याच टीमचा एक खेळाडू त्याच गावात डीयूआयमध्ये सापडला. डीयूआयचा आरोप मागे घेतला गेला, रेकलेस ड्रायव्हिंगवर मिटलं, आणि तो सीझनचा पहिला एक सामना बसला. तो सामना क्लेमसनसारख्या तगड्या टीमशी होता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ज्या गावाने वर्षापूर्वी दोन शवपेट्या बघितल्या तिथे एक सामना, हे मला पटत नाही.

"पण एका चुकीसाठी पोराचं आयुष्य बरबाद करायचं का?"

नाही, आणि हे मी मनापासून म्हणते. कोणाला लागलं नाही, पहिलीच वेळ, वय १९-२०, अशा मुलाची स्कॉलरशिप काढून घेतली तर तो घरी जातो, शिक्षण सुटतं आणि दारू सुटतेच असं नाही. एनसीएएच्या नियमातही गंभीर गैरवर्तनासाठी स्कॉलरशिप काढता येते, पण ते युनिव्हर्सिटीच्या नेहमीच्या शिस्त समितीने ठरवायचं असतं, कोचला वाटलं म्हणून नाही, आणि हे बरोबरच आहे.

जलतरणपटू मायकल फेल्प्स बघा. २००४ ला ग्रीसमधल्या अथेन्स ऑलिंपिकहून परत आला आणि काही महिन्यांत, १९ वर्षांचा असताना, या गुन्ह्यात सापडला. १८ महिने प्रोबेशन, २५० डॉलर दंड, शाळांमध्ये जाऊन बोलायचं. दहा वर्षांनी २०१४ मध्ये परत सापडला. तेव्हा स्विमिंग संघटनेने सहा महिने बाहेर काढलं, २०१५ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप गेली, तो उपचारासाठी दाखल झाला. आणि २०१६ ला रिओमध्ये पाच सुवर्णपदकं. म्हणजे खरी झळ बसली आणि सोबत उपचार मिळाले तर करिअर संपत नाही. संपतं ते आयुष्य, आणि ते जोश ब्रेंटसारख्याच्या गोष्टीत.

ब्रेंट इलिनॉय युनिव्हर्सिटीत फुटबॉल खेळायचा, २००९ मध्ये तिथेच डीयूआयमध्ये दोषी ठरला. पुढे डॅलस काउबॉइज या एनएफएलच्या टीममध्ये गेला. ८ डिसेंबर २०१२ च्या पहाटे परत पिऊन गाडी काढली, ती उलटली, आणि शेजारी बसलेला जेरी ब्राउन गेला, त्याच टीममधला, आणि कॉलेजपासूनचा मित्र. ब्राउनच्या स्मृतिसभेला त्याची आई ब्रेंटला सोबत घेऊन आली. नंतर कोर्टातही तिने त्याच्यासाठी दया मागितली. १८० दिवस जेल आणि १० वर्षं प्रोबेशन झालं. ते वाचताना मी फोन बाजूला ठेवला काही वेळ. कारण विलॉकही दुसऱ्याच्या गाडीत नुसता बसलेला, ब्राउनही, आणि त्या रात्री आमचा भाचाही.

"मग सगळ्यांना सरळ जेलमध्ये टाका ना!"

हे ऐकायला बरं वाटतं. पण गुन्ह्यांवर अभ्यास करणारे अनेक वर्षं हेच सांगतायत की शिक्षा किती मोठी यापेक्षा पकडले जाऊ याची खात्री जास्त परिणाम करते. साउथ डकोटात २००५ पासून एक योजना आहे, २४/७ सोब्रायटी. वारंवार सापडणाऱ्यांना गाडी चालवू देतात, पण रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन फुंकर मारायची. दारू निघाली की लगेच एक-दोन रात्री आत, तारीख पे तारीख नाही. नंतरच्या अभ्यासात निघालं की जिथे ही योजना आली त्या भागांत पुन्हा पुन्हा सापडण्याचं प्रमाण १२ टक्क्यांनी घटलं. छोटी शिक्षा, पण नक्की आणि आजच. आपल्या आज्या हेच करायच्या, "बाबा येऊ देत मग सांगते" याने कुठलं पोर सुधारलंय?

म्हणून मला वाटतं न्याय्य नियम म्हणजे असा, जो खेळाडूचं नाव कळायच्या आधीच कागदावर आहे. पहिली वेळ, इजा नाही, तर सीझनच्या सामन्यांचा ठरलेला हिस्सा बाहेर, आणि तो लगेच पुढच्या मॅचपासून. दारूच्या सवयीची तपासणी आणि गरज असेल तर उपचार सक्तीचे, आणि त्याचा खर्च युनिव्हर्सिटीने करावा, २०२५ पासून त्या खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागल्याच आहेत. दुसऱ्यांदा सापडला तर टीममधून बाहेर. आणि हे सगळं शिस्तीच्या ऑफिसने ठरवायचं, कोचने फक्त पाळायचं.

"पण आरोप सिद्ध कुठे झालाय अजून?"

हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणारे मला आवडत नाहीत. अटक म्हणजे बोलरने केलेली अपील, अंपायरचं बोट अजून वर गेलेलं नाही. मशीन चुकू शकतं, पोलीस चुकू शकतात. पण जेल वेगळं आणि मैदानावर उतरण्याचा मान वेगळा. आकडा कागदावर आलाय, व्हिडिओ आहे, तर युनिव्हर्सिटी आठ दिवसांत मुलाचं म्हणणं ऐकून आपल्यापुरता निर्णय देऊ शकते, आणि कोर्टात तो सुटला तर तो मागे घ्यायची सोय ठेवू शकते. फक्त हीच घाई बेंचवरच्या मुलाला आणि हाच धीर स्टारला, असं नको.

"साध्या विद्यार्थ्याचं नाव पेपरात येत नाही, मग खेळाडूचंच का?" हेही विचारतात. खरंय, खेळाडूला बदनामी जास्त सोसावी लागते, जाहिरातीचे पैसे जातात. पण ती बदनामी लोक करतात, आणि ती झाली म्हणून नियमातली शिक्षा कमी करायची तर मग ज्याचं नाव मोठं त्याला सूट, परत तीच बॅट.

आपल्याकडे काय, आणि आपल्या मुलांना काय

आपली लिमिट अमेरिकेपेक्षा कडक आहे हे कितीजणांना माहितीये? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. पहिल्यांदा सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कागद कडक आहे. पण मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा १७ वर्षांच्या मुलाला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे तिकडचा कोच आणि इकडचा बाप, प्रश्न तोच, अंपायर कोणाचा.

आणि तिकडे शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक गोष्ट, ही आधी सांगायला हवी होती कदाचित. परदेशी विद्यार्थ्याला डीयूआयमध्ये फक्त अटक झाली, दोषी ठरला नाही, तरी अमेरिकन सरकार व्हिसा रद्द करू शकतं, २०१५ पासून त्यांच्या वकिलातींना तशा सूचना आहेत. लगेच देश सोडावा लागतोच असं नाही, पण दिवाळीला घरी आलात तर परत जायला नवीन व्हिसा, त्याआधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. २०२५ च्या वसंतात तर किरकोळ पोलीस नोंदी असलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांची नावं सरकारी नोंदीतून काढली गेली, मुलं कोर्टात गेली तेव्हा परत घेतली. त्या फुटबॉलवाल्या मुलाला जे सामने चुकतील ते चुकतील, आपल्या मुलाचा अख्खा कोर्स चुकू शकतो.

त्या मुलाची केस अजून चालू आहे, तारीख पडलीय. टीमने काय केलं ते भाच्याला धड माहीत नाही, आतल्या आतच चाललंय. मी त्याला ओरडले नाही. विचारलं, त्याने किती घेतली होती ते तुला माहीत होतं का? म्हणाला, हो मावशी, पण तो नॉर्मल बोलत होता आणि दहाच मिनिटांचा रस्ता होता. त्यांच्या युनिव्हर्सिटीत रात्री मुलांना फुकट सोडणारी गाडी आहे, नंबर सेव्ह कर म्हटलं. केलाय म्हणाला. म्हटलं, स्क्रीनशॉट पाठव. पाच मिनिटांनी आला, आणि त्याखाली त्याने लिहिलं होतं की ग्रुपवर पण टाकलाय, चौघांनाही.